परदेशातून बल्लारपूरला परतताना: कस्टम्स आणि क्वारंटाइनचे नियम सोप्या भाषेत

आखातातून सुट्टीवर येणारा मुलगा, ऑस्ट्रेलियातल्या लेकीकडे सहा महिने राहून परतणारे आई-वडील, थायलंडची सहल करून आलेला मित्रांचा ग्रुप. बल्लारपूर, चंद्रपूर, राजुरा, गडचिरोलीकडच्या अशा प्रवाशांच्या व्हॉट्सॲपवर प्रवासाच्या आठ दिवस आधी सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. 'इतकं सोनं चालतं', 'टीव्हीला काही लागत नाही', 'ग्रीन चॅनलनं निघून जा, कोणी विचारत नाही'. यातल्या काही गोष्टी जुन्या नियमांच्या असतात, काही कधीच खऱ्या नव्हत्या. चुकीच्या सल्ल्याचा भुर्दंड मात्र बॅग ज्याच्या हातात असते त्यालाच बसतो.

थोडक्यात काय लक्षात ठेवायचे?

भारतात येणाऱ्या प्रवाशाच्या सामानाकडे सरकार दोन नजरांनी पाहते. पहिली नजर कस्टम्सची, म्हणजे सीमाशुल्क विभागाची. वस्तू कोणती, किंमत किती, कर लागतो का, हे ती पाहते. दुसरी नजर क्वारंटाइनची. सामानातून किंवा माणसातून रोग, कीड, तण किंवा परका जीव देशात येतो का, हे ती पाहते.

कस्टम्समध्ये ठरावीक मर्यादेपर्यंत सूट मिळते. त्यावर गेलात तर कर भरून बहुतेक वस्तू घरी नेता येतात. क्वारंटाइनमध्ये 'थोडेसेच आहे' हे उत्तर चालत नाही, कारण तणाचे एक बी किंवा किडीची चार अंडीही पुरेशी असतात. दोन्हीकडे एक नियम मात्र सारखा आहे. आपणहून सांगितले तर फार तर कर भरावा लागतो किंवा वस्तू सोडून द्यावी लागते. लपवले आणि सापडले तर वस्तू जाते, वर दंड होतो आणि मोठ्या प्रकरणात अटकही होऊ शकते.

तपासणी नेमकी कुठे होते?

बल्लारपूरला विमानतळ नाही. गावाचे नाव बल्लारपूर आणि स्टेशनचे नाव बल्लारशाह. दिल्ली-चेन्नई मुख्य मार्गावरचे हे जंक्शन असल्यामुळे परदेशातून येणारा माणूस शेवटचा टप्पा बहुधा रेल्वेने गाठतो. कोणी नागपूरला उतरतो, कोणी हैदराबादला, कोणी मुंबई किंवा दिल्लीला.

कस्टम्स तपासणी साधारणपणे भारतातल्या पहिल्या विमानतळावर होते. मुंबईला उतरून पुढे देशांतर्गत विमानाने नागपूरला जाणार असाल, तर बहुतेक वेळा मुंबईतच सामान पट्ट्यावरून उचलून कस्टम्समधून बाहेर काढावे लागते आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा जमा करावे लागते. म्हणून दोन विमानांमध्ये किमान तीन-चार तासांचे अंतर ठेवा. तिकीट घेतानाच 'बॅग कुठे मिळणार' हे विमान कंपनीला विचारून घ्या.

उतरल्यावर क्रम असा असतो: गरज असल्यास आरोग्य तपासणी, मग इमिग्रेशन म्हणजे पासपोर्टवर शिक्का, मग सामानाचा पट्टा आणि शेवटी कस्टम्स.

हिरवा मार्ग की लाल मार्ग?

कस्टम्सच्या जागी दोन वाटा दिसतात. ज्याच्याकडे कर लागणारे किंवा बंदी असलेले काहीच नाही, त्याने हिरव्या वाटेने जायचे. ज्याच्याकडे सांगण्यासारखे काही आहे, त्याने लाल वाटेने.

सर्वात मोठा गैरसमज इथेच आहे. लाल वाट म्हणजे गुन्हेगारांची रांग, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती कर भरणाऱ्यांची आणि शंका विचारणाऱ्यांची खिडकी आहे. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम ७७ नुसार आपल्या सामानाची माहिती देण्याची जबाबदारी प्रवाशाचीच आहे. हिरव्या वाटेने चालत जाणे म्हणजे 'माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही' असे जाहीर करणेच असते. त्यानंतर बॅगेत काही निघाले तर 'मला माहीत नव्हते' हा बचाव फारसा टिकत नाही.

माहिती कागदी फॉर्मवर देता येते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'अतिथी' या सरकारी मोबाइल ॲपवरून ती आधीही भरता येते. फॉर्ममध्ये सोने आणि रोख रकमेबरोबर मांस, दुधाचे पदार्थ, बिया, रोपे, फळे, फुले, सॅटेलाइट फोन, ड्रोन यांचेही रकाने असतात. ते वाचल्याशिवाय सही करू नका.

किती रुपयांपर्यंत ड्युटी लागत नाही?

वापरातले कपडे, चपला, औषधे, दाढीचे सामान अशा वैयक्तिक वस्तूंना ड्युटी नाही. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉपही ड्युटीशिवाय आणता येतो.

त्याशिवाय भेटवस्तू आणि नव्या खरेदीसाठी एक मर्यादा असते. २०१६ च्या बॅगेज नियमांत भारतात राहणाऱ्यांसाठी आणि भारतीय वंशाच्या पर्यटकांसाठी ती ५०,००० रुपये होती. २ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत विमानाने येणाऱ्यांसाठी ती ७५,००० रुपये झाली. परदेशी पर्यटकांची मर्यादा १५,००० वरून २५,००० रुपयांवर गेली. ग्रुपवर फिरणारा मेसेज ५०,००० सांगत असेल, तर तो जुन्या नियमांचा आहे.

मर्यादा प्रत्येक प्रवाशाची वेगळी असते, ती एकत्र जोडता येत नाही. नवरा-बायको दोघे आले म्हणून दीड लाखाचा एकच फोन करमुक्त होत नाही. एका वस्तूची किंमत एकाच प्रवाशाच्या नावावर धरली जाते.

मर्यादेपेक्षा जास्त सामान असेल तर फक्त वरच्या रकमेवर कर लागतो. बॅगेजवरचा सर्वसाधारण दर अनेक वर्षे ३५ टक्के आणि त्या करावर १० टक्के समाज कल्याण अधिभार, म्हणजे एकूण ३८.५ टक्के राहिला आहे. एक हिशोब पाहू. तुम्ही ९५,००० रुपयांच्या नव्या वस्तू आणल्या. ७५,००० वजा केल्यावर उरले २०,०००. ३८.५ टक्क्यांनी त्यावर ड्युटी होते ७,७०० रुपये. बिले जवळ ठेवलीत तर किमतीवरून वाद होत नाही. बिल नसेल तर अधिकारी बाजारभावाने किंमत धरतो.

कायमचे परतणाऱ्यांसाठी घरगुती सामानाची वेगळी आणि जास्त सूट आहे. परदेशात किती काळ राहिलात त्यावर ती ठरते. कंपनीचे पत्र, व्हिसा आणि जुने पासपोर्ट बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.

सोन्याचे काय?

सर्वाधिक घोळ सोन्याचाच होतो. करमुक्त सवलत फक्त दागिन्यांना आहे. नाणे, बिस्कीट, वळे यांना ती नाही. तीही परदेशात एक वर्षाहून जास्त राहून परतणाऱ्यालाच मिळते. महिलेसाठी ४० ग्रॅम आणि पुरुषासाठी २० ग्रॅम अशी मर्यादा आहे.

२०१६ च्या नियमांत वजनाबरोबर किमतीचीही अट होती: महिलेसाठी १ लाख आणि पुरुषासाठी ५०,००० रुपये. सोन्याचा भाव वाढत गेला तशी ही अट वजनाच्या खूप आधीच संपायची आणि विमानतळावर वाद व्हायचे. २०२६ च्या नियमांत किमतीची अट काढून फक्त वजन ठेवले गेले.

आठ दिवसांच्या दुबई सहलीत घेतलेल्या साखळीला ही सवलत नाही. ती घोषित करून ड्युटी भरावी लागते. किमान सहा महिने परदेशात राहिलेल्या भारतीयाला ड्युटी भरून एकूण एक किलोपर्यंत सोने आणता येते. हा दर अर्थसंकल्पात बदलत असतो, म्हणून निघण्यापूर्वी केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर पाहावा.

इथूनच अंगावर भारी दागिने घालून लग्नासाठी परदेशी जाणार असाल, तर जातानाच विमानतळावरच्या कस्टम्सकडून त्यांचे प्रमाणपत्र घ्या. परतताना 'हे सोने आमचेच, इथूनच नेले होते' हे सिद्ध करायला तोच कागद उपयोगी पडतो. महाग कॅमेऱ्यालाही हे लागू आहे.

आणि एक महत्त्वाचे: विमानतळावर कोणी 'माझी एवढी पिशवी बाहेर नेऊन द्या' म्हणाले, तर तो गावचा असला तरी नाही म्हणा. ज्याच्या हातात बॅग, त्याच्यावर गुन्हा.

दारू, सिगारेट आणि टीव्ही

प्रत्येक प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत दारू किंवा वाइन आणि १०० सिगारेटी करमुक्त मर्यादेत आणता येतात. सिगारेटऐवजी २५ सिगार किंवा १२५ ग्रॅम तंबाखू चालते. त्यावर गेल्यास जास्त दराने कर लागतो. सपाट पडद्याचा टीव्ही ऑगस्ट २०१३ पासून करमुक्त सवलतीत नाही. आखातातून टीव्ही आणणे पूर्वी स्वस्त पडायचे. आता ड्युटी धरून हिशोब केल्याशिवाय तो बांधून आणण्यात अर्थ नाही.

आपल्या भागातल्या प्रवाशाने इथे आणखी एक गोष्ट पाहायला हवी. विमानतळाबाहेर आलेली बाटली कस्टम्सच्या दृष्टीने वैध असली, तरी पुढचा रस्ता राज्याच्या दारूबंदी कायद्याचा आहे. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातली बंदी १ एप्रिल २०१५ पासून होती, ती २०२१ मध्ये उठली. म्हणजे नागपूरहून बल्लारशाहला येणारी गाडी सेवाग्राम-हिंगणघाट या टप्प्यात दारूबंदीच्या जिल्ह्यातून जाते. चंद्रपुरातून वैनगंगा ओलांडली की गडचिरोलीतही बंदी आहे. ड्यूटी फ्री दुकानाची पावती तिथे परवाना ठरत नाही.

रोख रक्कम

परकीय चलन कितीही आणता येते, पण ते सांगावे लागते. फक्त नोटा ५,००० अमेरिकी डॉलरपेक्षा जास्त किंमतीच्या असतील, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून १०,००० डॉलरवर जात असतील, तर चलन घोषणापत्र भरा. परतणाऱ्या रहिवाशाला सोबत भारतीय रुपये २५,००० पर्यंतच आणता येतात.

काय अजिबात आणू नये?

ई-सिगारेट: २०१९ पासून देशात आणणे, विकणे, साठवणे बंद आहे. वापरलेली असली तरी आणू नका.

ड्रोन: फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातून तयार ड्रोन आणण्यावर बंदी आहे. ताडोबाचे व्हिडिओ काढू म्हणून बँकॉकहून आणलेला ड्रोन विमानतळावरच राहील.

सॅटेलाइट फोन: दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय आणू नये. हा सुरक्षेचा विषय मानला जातो आणि पोलिस कारवाई होऊ शकते.

वन्यजीवांपासून बनवलेल्या वस्तू: हस्तिदंत, प्रवाळ, कासवाच्या पाठीच्या वस्तू, सापाच्या किंवा मगरीच्या कातड्याचे पट्टे. वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या 'साइट्स' करारात भारत १९७६ पासून आहे. परदेशात ही वस्तू दुकानात उघड विकत मिळाली, हे इथे कारण होत नाही.

चुकून किंवा न समजता अशी एखादी वस्तू सोबत आली, तरी एक वाट असते. सुट्टीवर आलेल्या आणि परत परदेशी जाणाऱ्या प्रवाशाने वस्तू खरी-खरी घोषित केली, तर कलम ८० नुसार ती कस्टम्सकडे ठेवून पावती घेता येते आणि भारत सोडताना परत मागता येते. लपवलेल्या वस्तूला ही सोय नाही.

क्वारंटाइन म्हणजे काय?

हा शब्द इटलीतल्या व्हेनिस शहराच्या बोलीतून आला. त्याचा अर्थ 'चाळीस दिवस'. प्लेगच्या काळात बाहेरून आलेल्या जहाजांना किनाऱ्यापासून दूर इतके दिवस थांबवत असत. आपल्याकडे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढच्याच वर्षी साथरोग कायदा झाला आणि रेल्वे स्टेशनांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली. तोच १८९७ चा कायदा २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी पुन्हा वापरला गेला.

आज क्वारंटाइनचे तीन भाग आहेत: वनस्पतींचे, प्राण्यांचे आणि माणसांचे.

बिया, रोपे, माती: जंगलाच्या जिल्ह्यात हे जास्त का महत्त्वाचे?

बल्लारपूरच्या माणसाला हा नियम समजावायला फार लांब जावे लागत नाही. इथे वन विभागाचा मोठा लाकूड डेपो आहे आणि इथले सागवान अयोध्येतल्या राम मंदिराच्या दारांसाठीही गेले. सागाचा ओंडका जंगलातून हलवायचा तर त्यावर हातोड्याची निशाणी लागते आणि सोबत वाहतूक पास, म्हणजे टीपी लागते. माल कुठला आणि कोणी तपासला, हे त्या कागदावरून कळते. परदेशी रोपाला किंवा बियाण्याला लागणारे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र हा तसाच कागद आहे. 'हा माल आम्ही तपासला, त्यात कीड-रोग नाही' असे तो ज्या देशातून निघतो तिथले कृषी खाते लिहून देते. त्याशिवाय भारताचा आयात परवानाही लागतो.

हे नियम वनस्पती संगरोध आदेश, २००३ मध्ये आहेत. त्याच्या मुळाशी १९१४ चा विध्वंसक कीटक व कीड कायदा आहे. रोपे, कलमे, कंद आणि पेरणीचे बियाणे कागदांशिवाय आणता येत नाही. माती, शेणखत, कंपोस्ट आणायला सामान्य प्रवाशाला बंदी आहे. रोपाच्या मुळाशी चिकटलेली मातीही त्यात आली. फळे, फुले, सुके लाकूड, बांबूच्या वस्तू असतील तर लाल वाटेने जाऊन दाखवा. काय सोडायचे ते अधिकारी ठरवतो.

एका रोपाने काय होणार, असे वाटत असेल तर आपल्याच रस्त्याच्या कडेला पाहा. तळ्याकाठी आणि नाल्याकाठी माजलेली बेशरम मूळची दक्षिण अमेरिकेतली. गुरे खात नाहीत म्हणून कुंपणाला लावली गेली आणि पाणथळ जागा व्यापून बसली. घाणेरी एकोणिसाव्या शतकात बागेतले शोभेचे झुडूप म्हणून आली. आज ती जंगलात पसरली आहे. तिच्या जाळीखाली गवत वाढत नाही. गवत गेले की चितळ-सांबरांचा चारा जातो. गाजर गवत भारतात १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेले. अमेरिकेतून आलेल्या धान्याबरोबर ते आले असे मानले जाते. आता ते गावोगाव आहे आणि अनेकांना त्याने अंगाला खाज सुटते. रानतुळस आणि जलपर्णी याही परदेशीच.

यातली बरीच झाडे प्रवाशांच्या बॅगेतून आलेली नाहीत. काही तर हौसेने, सरकारी परवानगीने आली. पण एकदा पसरल्यावर त्यांना परत पाठवायचा उपाय कोणाकडेच नाही, हे सर्वांना लागू आहे. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम दिसली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोचली. आपल्या भागात धान, कापूस आणि सोयाबीनवर घरे चालतात, आणि तेंदू, मोह, बांबूवर हजारो कुटुंबांचा उन्हाळा निघतो. इथे नवी कीड आली तर त्याची किंमत बॅग आणणारा नव्हे, सगळा तालुका मोजेल.

कुत्रा-मांजर, मांस आणि चीज

परदेशातून पाळीव प्राणी आणायचा असेल तर तयारी काही महिने आधी सुरू करावी लागते. दोन वर्षे परदेशात राहून कायमचे परतणाऱ्याला सामानाबरोबर दोन पाळीव प्राणी आणण्याची सोय आहे. त्यासाठी रेबीजची लस, तिथल्या सरकारी पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र आणि भारताच्या प्राणी संगरोध केंद्राचे ना-हरकत पत्र लागते. ही केंद्रे मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद आणि बेंगळुरू येथे आहेत. त्यामुळे जनावर आणायचे असल्यास विमान या शहरांतले निवडा. कागद अपुरे असतील तर प्राण्याला वेगळे ठेवतात किंवा परत पाठवतात.

मांस, मासे, चीज, दुधाचे पदार्थ बॅगेत असतील तर फॉर्ममध्ये लिहा. 'सीलबंद डबा आहे' म्हणून न लिहिणे बरोबर नाही.

माणसांचे क्वारंटाइन

कोरोनाचे निर्बंध आता नाहीत. पण पीतज्वराचा, म्हणजे यलो फीवरचा, नियम आधीही होता आणि आजही आहे. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांत हा रोग आहे. भारतात तो नाही, पण तो पसरवणारा एडिस डास मात्र इथे घरोघर आहे. डेंग्यू याच डासामुळे होतो. एक रुग्ण आला तरी रोग पसरू शकतो, म्हणून भारत याबाबत कडक आहे.

अशा देशातून येताना पिवळ्या पुस्तिकेतले लसीचे प्रमाणपत्र लागते. लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ते वैध होते. २०१६ पासून एक लस आयुष्यभर पुरते. प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरूनच ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन केंद्रात ठेवतात. खाणकाम, वीज किंवा बांधकामाच्या नोकरीसाठी आफ्रिकेत जाणाऱ्याने जाण्यापूर्वीच केंद्र सरकारमान्य केंद्रात लस घ्यावी. गावातल्या दवाखान्याचा कागद चालत नाही.

कोरोनाच्या काळात हे नियम किती वेगाने बदलले, ते आठवून पाहा. १८ मार्च २०२० पासून अमिराती, कतार, ओमान आणि कुवेतहून येणाऱ्यांना किमान १४ दिवस सक्तीचे क्वारंटाइन लागले. महाराष्ट्रात घरी राहण्यास सांगितलेल्या प्रवाशांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. मे २०२० मध्ये वंदे भारत मोहिमेची विमाने सुरू झाली तेव्हा आधी संस्थात्मक विलगीकरणच होते. महिनाअखेर ते ७ दिवस संस्थेत आणि ७ दिवस घरी असे झाले. प्रवाशांसाठीचे 'एअर सुविधा' पोर्टल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाले.

आपल्या जिल्ह्यांना त्याच वेळी दुसरे क्वारंटाइनही दिसले. तेलंगणात मिरची तोडायला गेलेले मजूर टाळेबंदीत अडकले आणि मग राज्याच्या सीमेवरून परतले. त्यांनाही गावाबाहेर थांबावे लागले. त्यांनी देशाची सीमा ओलांडलीच नव्हती. तरी साथीत राज्याची, जिल्ह्याची आणि शेवटी गावाचीही वेस सीमा बनते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले. म्हणून नवी साथ आली की जुना अनुभव न धरता प्रवासाच्या आदल्या दिवशी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची सूचना पाहणे शहाणपणाचे.

जाताना: इथली वस्तू तिथे गुन्हा

भारतात शिरताना जसे नियम आहेत, तसे प्रत्येक देशाचे आपापले आहेत.

खसखस: अनारशाला लावायची खसखस संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये अमली पदार्थांच्या यादीत येते. दिवाळीच्या डब्यात ती चुकूनही देऊ नका. खसखस लावलेले अनारसेही नकोत.

औषधे: कोडीनचे खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी अमिरातीत पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ वेष्टन सोबत ठेवा.

बांबू, चारोळी, मोहफुले: ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड जैवसुरक्षेबाबत जगात सर्वात कडक देशांपैकी आहेत. चंद्रपूरची बांबूची टोपली, गडचिरोलीची चारोळी, घरचे लोणचे, तूप, मध, सगळे प्रवेशपत्रावर लिहावे लागते. लिहिले तर तपासून सोडतात किंवा काढून घेतात. लिहिले नाही तर जागेवर दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो.

वाघनखाचे लॉकेट: ते भारतातच बेकायदा आहे. आजोबांच्या काळातले आहे म्हणून गळ्यात घालून विमानतळावर गेलात, तर प्रवास तिथेच थांबेल.

'मी कस्टम्समधून बोलतोय': हा फोन कोणाचा?

सोशल मीडियावर ओळख झालेला 'परदेशी मित्र' भेट पाठवल्याचे सांगतो. दोन दिवसांनी फोन येतो की पार्सलमध्ये डॉलर सापडले आहेत, इतके हजार लगेच भरा, नाहीतर अटक होईल. ही फसवणूक आहे. मोठमोठी शिकलेली माणसेही तिच्यात अडकली आहेत.

लक्षात ठेवा: कस्टम्स कोणाच्या वैयक्तिक खात्यावर, यूपीआयवर किंवा व्हिडिओ कॉलवर पैसे मागत नाही. ड्युटी भरली की सरकारी पावती मिळते. विभागाच्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे 'डीआयएन' असतो आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. जितक्या लवकर सांगाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दोन नवे मोबाइल आणले तर? एकूण नवी खरेदी तुमच्या मर्यादेत असेल तर अडचण नाही. पण एकाच मॉडेलचे पाच-सहा नग असतील तर तो व्यापाराचा माल मानला जाऊ शकतो आणि त्याला बॅगेजची सवलत मिळत नाही.

बॉक्स काढून टाकला तर वस्तू 'जुनी' होते का? नाही. अधिकारी वस्तू पाहून ठरवतो. उलट बिल आणि बॉक्स नसल्याने किंमत जास्त धरली जाण्याचा धोका असतो.

ड्युटी भरायला पैसे नसतील तर? वस्तू कस्टम्सच्या ताब्यात ठेवून पावती घेता येते. नंतर ड्युटी आणि साठवणुकीचा खर्च भरून ती सोडवता येते. पावतीवर वस्तूचे पूर्ण वर्णन लिहिले आहे का, ते तिथेच वाचा.

दंडाचा निर्णय चुकीचा वाटला तर? लेखी आदेश मागा. आदेशाविरुद्ध आयुक्त (अपील) यांच्याकडे दाद मागता येते. पावतीशिवाय कोणालाही पैसे देऊ नका.

निघण्यापूर्वी शेवटची पाच कामे: नव्या वस्तूंची बिले एका पाकिटात घाला. सोन्याचे वजन लिहून ठेवा. बॅगेत बी, रोप, माती, मांस नाही ना, ते स्वतः पाहा. लसीचा कागद पासपोर्टमध्ये ठेवा. आणि शंका असेल तर लाल वाटेने जा. तिथे लागणारा अर्धा तास हिरव्या वाटेवर पकडले जाण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडतो.